झाकली मूठ, उघडा पत्ता

दिवाळी अंकात टीकालेख लिहायचा म्हणजे एखादी गाजलेली कादंबरी घ्यावी, नाही तर एखादा कवितासंग्रह; चार गुण सांगावेत, दोन दोष दाखवावेत आणि वाचकाला पुन्हा फराळाच्या ताटाकडे सुखरूप जाऊ द्यावे, अशी आपल्याकडची रीत आहे. रीत मोडण्याचा माझा स्वभाव नाही. जन्म लातूरचा, नोकरी नांदेडची आणि पेशा शाळेत भूगोल शिकवण्याचा. अशा माणसाने साहित्याच्या प्रांतात जपूनच पाऊल टाकावे. परंतु यंदा मी परीक्षणाला घेतलेले वाङ्मय कुठल्याही प्रकाशकाने काढलेले नाही. त्याला मुखपृष्ठ नाही, अर्पणपत्रिका नाही, पुष्कळदा लेखकाचे नावही नाही. ज्यांच्यावर एके काळी 'गुप्त' असा शिक्का होता आणि पुढे सरकारनेच तो पुसला, अशा कागदांचे हे वाङ्मय आहे. मला तो एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार वाटतो, आणि आमचे टीकाकार त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, म्हणून हे धाडस.

याचे निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला संगणकाच्या नोकरीत आहे. उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा आंब्याच्या पेटीबरोबर काही छापील कागदही घेऊन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला वर्गात नकाशे भरायला लावत होतात. आता अमेरिकेच्या सरकारने स्वतःच नकाशातली काही रिकामी ठिकाणं भरली आहेत, ती बघा." २००८ साली अमेरिकेच्या 'नॅशनल रेकॉनेसन्स ऑफिस'ने, म्हणजे उपग्रहांतून टेहळणी करणाऱ्या त्यांच्या खात्याने, आपल्या जमिनीवरील केंद्रांची ठिकाणे उघड केली, त्यासंबंधीचे ते कागद होते.

जमिनीवरील केंद्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. पतंग आकाशात कितीही उंच गेला तरी मांजा कोणाच्या तरी हातात असावाच लागतो. उपग्रहाचेही तसेच आहे. तो वर फिरत राहतो, पाहतो, ऐकतो; परंतु त्याने पाहिले-ऐकले ते उतरवून घ्यायला आणि त्याला पुढची आज्ञा द्यायला पृथ्वीवर कोठे तरी प्रचंड तबकड्या, यंत्रे आणि माणसे लागतात. आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वी येथे विक्रम उपग्रह केंद्र १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झाले आणि परदेशी टेलिफोन उपग्रहामार्फत बोलू लागले. ते केंद्र कोणापासून लपवलेले नव्हते. शाळेच्या सहलीत मी मुलांना ती तबकडी लांबून दाखवली, तेव्हा एकाने विचारले होते, "सर, ही एवढी परात कोणाच्या लग्नाची?" अमेरिकेची केंद्रे मात्र परदेशी टेलिफोनसाठी नव्हती. ती दुसऱ्यांच्या अंगणात डोकावण्यासाठी होती, आणि म्हणून त्यांचा पत्ता गुप्त होता.

तो पत्ता एकदाचा सांगितला, तो असा: कोलोरॅडोतील बकले, व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर आणि न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स ही तीन केंद्रे अमेरिकेच्या भूमीवरची. शिवाय ऑस्ट्रेलियातील पाइन गॅप आणि इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील मेनविथ हिल या दोन ठिकाणीही आमची माणसे आहेत, अशी कबुली.

आता टीकाकार म्हणून माझा पहिला प्रश्न: ही बातमी नवी कोणाला होती? मेनविथ हिलच्या माळावर पांढरेशुभ्र प्रचंड घुमट उभे आहेत. आपल्याकडच्या मुलांनी पाहिले तर कोण्या राक्षसिणीने दिवाळीसाठी रव्याचे लाडू वळून वाळत ठेवले आहेत, असेच म्हणतील. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ते रोज दिसत. पाइन गॅपची गोष्ट तर आणखी बोलकी. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्यात त्यासंबंधी १९६६ च्या डिसेंबरात करार झाला तेव्हा त्याला 'अवकाश संशोधना'चे सोज्ज्वळ नाव दिले गेले. १९८३ साली बायकांनी त्याच्या फाटकापाशी तळ ठोकून निषेध केला आणि शंभरावर बायकांना अटक झाली. १९८८ साली पंतप्रधान बॉब हॉक यांनी तेथे उपग्रहांचे काम चालते, असे संसदेत सांगून टाकले. आणि शत्रू म्हणावा तर सोव्हिएत रशियाला या केंद्राची माहिती एका अमेरिकन तरुणाने १९७० नंतरच्या दशकात पैसे घेऊन विकली होती. तो १९७७ साली पकडलाही गेला. सारांश, शेजारच्या शेतकऱ्याला ठाऊक, निषेध करणाऱ्या बायकांना ठाऊक, शत्रूलाही ठाऊक. आणि कागदावर मात्र २००८ पर्यंत गुप्त! आमच्याकडे जावईबापूंच्या पगाराची गोष्ट असते तशी. सगळ्या गावाला आकडा पाठ, फक्त सासऱ्यासमोर कोणी उच्चारायचा नाही.

त्या खात्याचा पूर्वेतिहासही या थाटाला साजेसाच आहे. ते १९६१ साली स्थापन झाले. पण असे एक खाते आहे, हे सांगायला १९९२ चा सप्टेंबर उजाडला. एकतीस वर्षे ते कागदोपत्री नव्हतेच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९४ साली, वॉशिंग्टनजवळ त्याची कोट्यवधी डॉलरांची टोलेजंग इमारत उभी राहत असल्याचा गवगवा झाला आणि अमेरिकेच्या सिनेटमधील मंडळी आश्चर्यचकित झाली. ज्यांनी पैसा मंजूर करायचा, त्यांनाच घर केवढे ते ठाऊक नव्हते.

आता शैलीकडे वळू. या वाङ्मयाची शैली मोठी कसलेली असते. 'अमुक ठिकाणी आमचे केंद्र आहे ही वस्तुस्थिती आता गुप्त राहिलेली नाही' एवढे एक वाक्य मिळते, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, तेथे काय चालते, कसे चालते, कोणावर नजर असते, हे सारे पूर्ववत गुप्तच राहील अशी तंबी. 'वस्तुस्थिती' आणि 'तपशील' यांची अशी फारकत मी दुसऱ्या कुठल्याही गद्यात पाहिली नाही. लग्नपत्रिकेत मंडपाचा पत्ता छापावा आणि वधूवरांची नावे गाळावीत, तसा हा प्रकार. उपमा नाही, विशेषण नाही, क्षमायाचना तर नाहीच. इतकी वर्षे नाही म्हणत होतो ते का, याबद्दल एक अक्षर नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग यात मिळाले काय? सगळ्यांना ठाऊक असलेलेच सरकारने सांगितले. मीही आरंभी तेच म्हणालो आणि विद्यार्थ्याला ते कागद परत करून आंबे ठेवून घेतले. परंतु पुढे मला माझे मत बदलावे लागले. ते का, हे सांगायला मला मराठवाड्यात परत यावे लागेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हौस होती, की मुलांना आपल्याच तालुक्याचा खरा नकाशा दाखवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत आमचा मुलूख ५६ क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतो. लातूर '५६ बी'मध्ये आणि नांदेड '५६ ई'मध्ये. त्यात विहिरी, देवळे, पाऊलवाटा, ओढे सारे असते. मी एका कचेरीत गेलो. तेथील गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कशासाठी पाहिजे?" म्हटले, "मुलांना गाव दाखवायचे आहे." ते म्हणाले, "गाव मुलांनी पाहिलेलंच असतंय की मास्तर. नकाशा सरकारी गोष्ट आहे." त्यांचे पहिले वाक्य निरुत्तर करणारे होते आणि दुसरे परत पाठवणारे. मी परत आलो आणि फळ्यावर खडूने मांजरा आणि गोदावरी काढली.

गंमत अशी, की त्याच्याही आधी आकाशातून पृथ्वीची छायाचित्रे घेणे चालू होते. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या 'कोरोना' नावाच्या उपग्रहांनी (नावावर जाऊ नये, ते अलीकडच्या साथीच्या पुष्कळ आधीचे) जगाची लक्षावधी छायाचित्रे काढली. चित्रफितीची डबी उपग्रहातून खाली सोडायची आणि छत्रीला लटकत ती उतरत असता विमानाने तिला हवेतच झेलायचे, अशी ती योजना होती. आट्यापाट्यांच्या खेळातही इतकी चपळाई लागत नाही! ती आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रे १९९५ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेने खुली झाली. ज्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी ती काढली होती ते सोव्हिएत राज्य तोवर उरले नव्हते. परंतु धरणांखाली बुडालेली गावे, मागे हटलेल्या हिमनद्या, नांगराखाली गेलेल्या प्राचीन वस्त्या अभ्यासकांना त्या जुन्या चित्रांत पुन्हा सापडल्या. हेराचा डोळा इतिहासकाराच्या कामी आला.

आमच्या देशाने नकाशांची मूठ सैल करायला आणखी वेळ घेतला. २००५ च्या नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळे आणि संरक्षणखात्यासाठी वेगळे, असे नकाशांचे दोन संच केले. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जे जगात सर्वत्र सहज मिळते त्यावर आपल्याच माणसांसाठी बंधन घालण्यात अर्थ नाही, असा त्यांचा आशय होता. त्या गृहस्थांच्या चष्म्याची मला त्या दिवशी आठवण झाली. माझ्या नातीच्या हातातल्या फोनवर तोवर आमच्या अंगणातली तुळसही दिसू लागली होती.

परंतु नकाशाचे प्रकरण केवळ हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी-सास्तूरची धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गेली. आम्ही नांदेडहून काही शिक्षक आणि मोठी मुले मदतीला गेलो. पाऊस लागलेला, वाटा चिखलाने भरलेल्या, आणि मुंबई-पुण्याकडून आलेल्या मालमोटारी चौफुल्यावर उभ्या राहून एकच विचारीत होत्या, "हे गाव कुणीकडे?" माझ्या मुलांनी वह्यांची पाने फाडून, माणसांना विचारून विचारून, पेन्सिलीने वाटा काढल्या आणि ती पाने चालकांच्या हाती दिली. त्या दिवशी नकाशा ही सरकारी गोष्ट नसून माणसांची गोष्ट आहे, हे मला जेवढे कळले तेवढे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात कळले नव्हते. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. जुन्या किल्लारीचा आज कोणी शोध घेऊ लागला तर त्याला जुना नकाशाच उघडावा लागतो.

याच भूकंपाने मला दुसरीही एक तुलना सुचवली. टेहळणीचे उपग्रह ज्या भीतीतून जन्मले, त्याच अणुबाँबच्या भीतीतून आणखी एक जाळे जन्मले होते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेने जगभर सुमारे सव्वाशे ठिकाणी एकाच बनावटीची भूकंपमापके बसवली. कोणी जमिनीखाली चोरून अणुस्फोट केला तर कळावे, हा हेतू. आपल्या देशात पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल ही ठिकाणे त्या जाळ्यात होती. परंतु या यंत्रांच्या नोंदी कुलुपात गेल्या नाहीत. मागेल त्या शास्त्रज्ञाला त्यांच्या प्रती मिळत. त्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांनी जुळवून पाहिल्या आणि पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे आहे, ते तुकडे सरकतात, या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. मी वर्गात जे शिकवले ते त्या उघड्या वहीतून आलेले ज्ञान होते. भीती एकच, एका वहीची पाने उघडी राहिली, दुसरीची मिटली. उघड्या वहीने शत्रूला काय दिले हे कोणी सांगितलेले मी ऐकले नाही. विद्यार्थ्याला काय दिले हे मात्र मी सांगू शकतो.

आता गुप्त कागदांच्या परीक्षणाच्या तीन कसोट्या माझ्या मनात तयार झाल्या होत्या. गुपित कोणापासून राखले? उघडले ते केव्हा? आणि उघडले ते कोणाच्या दारी? या कसोट्यांवर अमेरिकेचा कागद घासून पाहणे सोपे होते. तो परक्याचा होता. पण एक कागद आमच्या घरचाच निघाला.

लातूर-नांदेडच्या वडीलधाऱ्या वाचकांना १९४८ सांगायला नको. निजामाचे राज्य होते. लातूरचेच वकील कासीम रझवी रझाकारांचे पुढारी झाले होते, आणि त्यांच्या टोळ्यांच्या भीतीने कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. त्या वर्षी कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने येऊन निजामाला हत्यारे पुरवीत. ती आणणारा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक म्हणजे, योगायोग पाहा, विमानातून चोरून छायाचित्रे घेण्याच्या विद्येचा एक आद्य आचार्य होता; दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने जर्मनीवरून अशी छायाचित्रे इंग्रजांसाठी काढली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांनी दिलेला लढा सफळ झाला. तो दिवस आम्ही अभिमानाने साजरा करतो आणि करावा.

त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल मात्र आमच्या घरी कोणी बोलत नसे. पंडित नेहरूंनी त्याच वर्षाअखेर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबाद राज्यात पाहणीसाठी पाठवले. त्यांचा अहवाल सरकारने छापला नाही. त्याचे काही भाग मधूनअधून बाहेर आले. पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळतो, ही बातमी सर्वत्र झाली ती २०१३ साली. मध्ये पासष्ट वर्षे गेली. त्या अहवालात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद आहे. त्यानंतर मुसलमान वस्तीवर जे सूडाचे वारे सुटले त्याचीही आहे. मेलेल्यांचा आकडा साऱ्या राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार असावा, असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि लातूरचे नाव तेथे स्वतंत्रपणे येते. जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तेथे आहे.

वर्तमानपत्रात ही हकीकत आली तेव्हा माझी आत्या आमच्याकडे राहायला होती. १९४८ साली ती दहा वर्षांची होती. मी ती बातमी सहज मोठ्याने वाचली. आत्या शेंगा सोलीत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "सरकारनं लिहून ठेवलंय व्हय हे?" म्हटले, "हो." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंग त्या शेराचं सांगते तुला."

तो शेर मला ठाऊक होता. लातूरच्या घरी फळीवर एक पितळी शेर असे. दर दिवाळीला आजी सगळ्या भांड्यांबरोबर तोही चिंच-राखेने घासून लखलखीत करी आणि पुन्हा जागेवर ठेवी. त्याने कधी धान्य मोजलेले मी पाहिले नाही. दशमान पद्धत आली, किलो आले, शेर कायद्यानेच बाद झाला, तरी त्याची घासणी चुकली नाही. लहानपणी एकदा मी विचारले होते, "हा कुणाचा गं?" आजी म्हणाली, "लोकाचा हाय. येतेत की न्यायला."

आत्याने सांगितले ते असे. आमच्या शेजारी एक कच्छी मुसलमान व्यापारी राहत. त्या वर्षी उन्हाळ्यात आमचे घरचे बार्शीला निघाले तेव्हा वाटेसाठी ज्वारी मोजून घ्यायला आजीने तो शेर त्यांच्याकडून आणला आणि गडबडीत परत द्यायचा राहिला. आमचे घर चार महिने बंद होते. रझाकारांच्या त्या दिवसांत कोणी कुलपाला हात लावला नाही, कारण ते शेजारी रात्री आमच्या ओट्यावर खाट टाकून झोपत. दिवाळीच्या सुमारास आमचे लोक परतले. घर जसेच्या तसे होते. शेजारचे दार मात्र सताड उघडे होते आणि आत कोणी नव्हते. ते गेले कोठे, वाचले की नाही, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. "आईनं आम्हाला बजावलं होतं, ह्याच्यावर बोलायचं नाही. अन् सरकारच बोलत न्हवतं, मग आम्ही कोण?" आत्या म्हणाली.

वाचकहो, त्या वाक्याने माझ्या पहिल्या मताचा पाया काढून घेतला. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सरकारने मान्य केली, त्यात काय मिळाले, असे मी म्हणत होतो. मिळाली ती बोलण्याची मुभा. नुसते ठाऊक असणे वेगळे आणि मान्य असणे वेगळे. ठाऊक असलेली गोष्ट माणूस कुजबुजतो. मान्य झालेल्या गोष्टीवर तो प्रश्न विचारू शकतो, रडू शकतो, भांडूही शकतो. पाइन गॅपच्या फाटकापाशी बसलेल्या बायकांच्या हाती सरकारी कबुली असती, तर त्यांना उत्तर द्यावे लागले असते. आत्याला ती कबुली मिळायला पासष्ट वर्षे लागली आणि तोवर ज्यांचा शेर होता, ते तो न्यायला येण्याचे दिवस सरले होते.

काही मंडळी म्हणतील, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, तेही सणाच्या दिवशी? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सरकारच्या प्रत्येक कपाटाचे दार सताड उघडावे, असेही माझे म्हणणे नाही. सीमेवरच्या चौकीचा पत्ता कोणी दिवाळी अंकात छापू नये, आणि एखादा अहवाल रक्त तापलेले असताना बाहेर आला तर त्याने आणखी रक्त सांडेल, ही काळजीही खोटी नव्हती. परंतु काळजीला मुदत असावी. आमच्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. त्याच्या १९९७ च्या नियमांत जुन्या कागदांसाठी पंचवीस वर्षांची मर्यादा घातली आहे. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. त्यात बहुतेक बाबींना वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे एक पिढी थांबावे, असे कायदाही म्हणतो. तीन पिढ्या थांबावे, असे तो म्हणत नाही. आणि मूठ झाकून राहिली की आतला आकडा जो तो आपल्या मनाने ठरवतो. कोणी म्हणतो काहीच झाले नाही, कोणी म्हणतो लाखो मेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीतला खरा धोका तोच. उघड्या अहवालातला आकडाही शेवटी अंदाजच. पण त्याच्याशी वाद घालता येतो. बंद मुठीशी वाद घालता येत नाही.

तेव्हा निकाल द्यायचा तर असा देतो. अमेरिकेचा २००८ चा कागद पहिल्या कसोटीवर नापास, कारण गुपित शत्रूपासून नव्हे, स्वतःच्या आणि मित्रदेशांच्या नागरिकांपासून राखलेले होते. दुसरीवर काठावर, कारण उशिरा का होईना, ज्यांना प्रश्न विचारायचे ते जिवंत असताना तो आला. तिसरीवर पास, कारण तो सर्वांना सहज मिळेल असा ठेवला. नांदेडच्या निवृत्त मास्तरापर्यंतही पोचला. सुंदरलाल अहवाल या तिन्ही कसोट्यांवर मागे राहतो, आणि सर्वांत मागे तिसरीवर. तो दिल्लीच्या ग्रंथालयात उघडला गेला. ज्या गावांची नावे त्यात आहेत, त्या गावांच्या दारी तो गेला नाही. तरीही वाङ्मय म्हणून मी दुसऱ्यालाच श्रेष्ठ मानतो. पहिल्यात केवळ पत्ते आहेत; दुसऱ्यात माणसे आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांनी स्वतः गावोगाव जाऊन पाहिली होती.

आत्या चार वर्षांपूर्वी गेली. शेर आता नांदेडला माझ्याकडे आहे. यंदा नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी तो चिंचेने घासायला घेतला, तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, हा कुणाचा?"

मी तिला जवळ बसवले आणि सगळे सांगितले.